घरोघरचे हौशी छायाचित्रकार व त्यांचे परीक्षक

ज्या घरांत दहा माणसें आहेत, त्या घरांत सांप्रत निदान पांच तरी छायाचित्रकार असतात, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. पूर्वीं फोटो काढावयाचा म्हणजे एक लहानसा समारंभ असे. ठेवणींतले कपडे घालून, मुलांचे भांग पाडून, सर्व कुटुंब स्टुडिओंत जाई, पडद्यावर रंगविलेल्या बागेपुढें श्वास रोधून बसे, आणि कांहीं दिवसांनीं एक प्रत हातांत पडे. आतां खिशांतील मोबाईल बाहेर काढण्याचाच काय तो अवकाश! नांदेडास गोदावरीच्या घाटावर सायंकाळीं उभें राहावें, तर सूर्यास्त पाहणारांपेक्षां त्याचा फोटो घेणारेच अधिक दिसतात. लातूरकर मंडळी खरोशाच्या लेण्यांत, निलंग्याच्या नीलकंठेश्वराच्या देवळांत किंवा उदगीरच्या किल्ल्यांत जाऊन परत येतात, तेव्हां प्रत्येकाजवळ शें-दोनशें चित्रें असतात. चित्रांचा दुष्काळ आतां उरला नाहीं. चित्राविषयीं कोणी खरें बोलेल, याचा मात्र दुष्काळ आहे.

आमच्या घरांतील कॉलेजांत जाणारा एक मुलगा असाच हौशी छायाचित्रकार आहे. तो चित्र काढून आणतो, घरांतील मंडळींस दाखवितो, आणि सर्वजण ‘छान!’ म्हणतात. पुण्याच्या आत्याबाई, हैदराबादचे मामा, अमेरिकेंतील चुलतभाऊ यांच्याकडे तें मोबाईलवरून जातें. तिकडूनहि क्षणार्धांत ‘छान!’ हाच निरोप येतो. मुलाला बरें वाटतें. परंतु कालच्या चित्राहून आजचें चित्र कोठें सरस आहे व कोठें फसलें आहे, हें त्याला कोणींच सांगितलेलें नसतें. निबंधाच्या वह्या तपासण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्यांना ही गोष्ट चांगली ठाऊक आहे. वहीवर नुसतें ‘छान’ लिहून ती परत केली, तर मुलाचा पुढचा निबंध पहिल्यासारखाच येतो. ‘तिसऱ्या परिच्छेदांत विषय सुटला’ असें लिहिलें, तर मूल घटकाभर हिरमुसतें खरें. पण पुढच्या वेळीं तिसऱ्या परिच्छेदापाशीं थांबून विचार करतें.

चार प्रकारचे परीक्षक

परीक्षकाचें महत्त्व आपल्या पूर्वजांनीं फार चांगलें ओळखलें होतें. इसवी सनाच्या नवव्या व दहाव्या शतकांच्या संधिकालीं कनोजच्या प्रतिहार राजांच्या आश्रयास असलेला राजशेखर आपल्या ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथांत प्रतिभेचे दोन प्रकार सांगतो. निर्माण करणाराची ती कारयित्री, व आस्वाद घेणाराची ती भावयित्री. म्हणजे चांगलें पाहतां येणें हीहि एक प्रतिभाच आहे. याच ग्रंथांत परीक्षकांचे चार वर्ग केलेले आहेत. पहिला अरोचकी, याला कांहींच रुचत नाहीं. दुसरा सतृणाभ्यवहारी, म्हणजे धान्याबरोबर गवतहि गिळणारा; याला सगळेंच आवडतें. तिसरा मत्सरी, याला दुसऱ्याचा गुण दिसला तरी तो बोलून दाखवीत नाहीं. चौथा तत्त्वाभिनिवेशी, म्हणजे वस्तूच्या मर्माला हात घालणारा. असा हजारांत एखादाच.

राजशेखराच्या काळीं कॅमेरा नव्हता. पण हे चारहि परीक्षक आज आपल्या दिवाणखान्यांत बसलेले सांपडतील. त्यांतल्या त्यांत आप्तवर्ग बहुधा दुसऱ्या वर्गांत मोडतो. तो प्रेमानें गवतहि गिळतो. त्याच्या प्रेमाबद्दल तक्रार नाहीं. मात्र त्यावरून आपल्या कलेची पारख करणें योग्य नव्हे.

हौशी लोकांची परंपरा

‘हौशी’ या शब्दास कमीपणा मानण्याचें कारण नाहीं. युरोपांत १८३९ सालीं छायाचित्रणाची विद्या प्रसिद्ध झाली, आणि १८५४ मध्यें मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे दोघेहि वैद्यकीचे पदवीधर तिच्याशीं संबंधित होते. १८५६ ते १८५८ या काळांत मुंबईहून ‘इंडियन ॲमॅच्युअर्स फोटोग्राफिक आल्बम’ नांवाचें मासिक चित्रसंग्रह-पुस्तक निघत असे. त्याच्या नांवांतच हौशी हा शब्द आहे. अशा मंडळांचा मोठा उपयोग हाच कीं, आपलें चित्र ज्यांना तें काम कळतें त्यांच्यासमोर मांडावें लागे.

आमचा मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानांत होता. त्या संस्थानचा सर्वांत कीर्तिमान् छायाचित्रकार राजा दीनदयाळ हाहि आरंभीं हौशीच होता. मीरतजवळच्या सरधना गांवीं १८४४ मध्यें जन्मलेल्या या गृहस्थाचें शिक्षण रुडकीच्या थॉमसन कॉलेजांत झालें. इंदूर येथें बांधकाम खात्यांत अंदाजपत्रकें व नकाशे करण्याची नोकरी करीत असतां, १८७४ च्या सुमारास त्यानें कॅमेरा हातीं धरला. इंदूरचे महाराज व तेथील इंग्रज अधिकारी यांनीं त्याचें काम पाहिलें, पारखलें व त्याला पुढें आणलें. पुढें सहावे निजाम महबूब अली खान यांच्या दरबारचा तो छायाचित्रकार झाला, आणि पडदानशीन स्त्रियांकरितां त्यानें हैदराबादेंत स्वतंत्र जनाना स्टुडिओहि काढला. १९०५ मध्यें तो निवर्तला. नकाशे काढणाऱ्या हाताला कॅमेऱ्यांत गति आली, ती त्याच्या स्वतःच्या परिश्रमानें व जाणत्या डोळ्यांपुढें काम ठेवण्याच्या तयारीनें.

अभिप्राय मागावा कसा?

आपल्या घरांत राजशेखराचा चौथ्या वर्गाचा परीक्षक नसेल, तर काय करावें? आमचा अनुभव असा कीं, प्रश्न नीट विचारला तर साधीं माणसेंहि थोडा वेळ तत्त्वाभिनिवेशी होतात. ‘कसा आला आहे?’ या प्रश्नाला ‘छान’ याखेरीज उत्तर नाहीं. त्याऐवजीं चार प्रश्न विचारावे. तुमची नजर प्रथम कोठें गेली? या चित्रांतून काय काढून टाकलें तर चालेल? हें चित्र काय सांगतें, तें एका वाक्यांत सांगाल काय? आणि या दोन चित्रांपैकीं एकच ठेवावयाचें झालें तर कोणतें ठेवाल, व कां?

वर सांगितलेल्या मुलाचें गोदावरीच्या घाटाचें एक चित्र आम्हीं एका रविवारीं सर्वांपुढें ठेवलें. अट एकच होती. सर्वांचें बोलून होईपर्यंत चित्रकारानें तोंड उघडावयाचें नाहीं. कारण चित्र परगांवीं गेलें म्हणजे त्याच्याबरोबर समजावून सांगणारा जात नसतो. थोरल्या वहिनी म्हणाल्या, “कडेच्या या माणसाचे पाय कोणीं तोडले रे?” खरोखरच त्या मनुष्याचे पाय घोट्यांपाशीं कापले गेले होते. सूनबाई म्हणाली, “नदी उजवीकडे सांडते आहे, असें वाटतें.” क्षितिजाची रेघ कलली होती. सर्वांत धाकटी नात मात्र सूर्याकडे पाहावयासच तयार नव्हती. तिनें कोपऱ्यांत बोट ठेवून विचारलें, “ही आजी दिवा कोठें सोडते आहे?” चित्राच्या एका कोपऱ्यांत एक वृद्ध स्त्री द्रोणांतला दिवा पाण्यांत सोडीत होती, हें खुद्द चित्रकाराच्याहि ध्यानांत आलेलें नव्हतें! त्यानें मग रेघ सरळ केली, आकाशाचा मोठा भाग व तो बिनपायांचा मनुष्य कापून टाकला, आणि ती स्त्री, तो दिवा व त्याचें पाण्यांतलें प्रतिबिंब एवढेंच ठेवलें. चित्र निम्म्याहून लहान झालें व दुपटीनें बोलकें झालें.

एकत्र कुटुंबाचा हा एक लाभच समजावा. सत्तरीची दृष्टि, तिशीची दृष्टि व सहा वर्षांच्या मुलाची दृष्टि एकाच माजघरांत मिळते. प्रत्येकाला निराळें दिसतें.

संगणकाची कारागिरी

आतां दुरुस्तीकडे वळूं. चित्रावर मागाहून हात फिरविणें हें आजचें पाप आहे, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुस्थिति तशी नाहीं. १८५७ मध्यें रेलँडर नांवाच्या छायाचित्रकारानें तीसहून अधिक निरनिराळ्या निगेटिव्ह जोडून एकच भव्य चित्र तयार केलें होतें. जुन्या स्टुडिओंत बारीक पेन्सिलीनें निगेटिव्हवर हात फिरवून सुरकुत्या मालविणें, व काळ्या-पांढऱ्या चित्रावर हातानें रंग चढविणें, हा नित्याचा व्यवहार होता. अंधाऱ्या खोलींत कागदाच्या एखाद्या भागावर प्रकाश कमीजास्त पडूं देऊन तो भाग उजळ अथवा गडद करीत. तीच कामें आतां संगणकावर होतात. थॉमस नोल व जॉन नोल या दोघां अमेरिकन बंधूंनीं तयार केलेलें ‘फोटोशॉप’ १९९० मध्यें बाजारांत आलें. तें वापरण्यास पैसे मोजावे लागतात. ‘गिंप’ हें सॉफ्टवेअर १९९६ पासून सर्वांस विनामूल्य उपलब्ध आहे, व घरगुती कामास तें पुरून उरतें. मोबाईलवरच काम भागवावयाचें असेल, तर ‘स्नॅपसीड’ सोपें आहे.

ही सर्व साधनें काय करतात, हें समजून घेणें कठीण नाहीं. संगणकाच्या लेखीं चित्र म्हणजे लाखों बारीक बिंदु. प्रत्येक बिंदूला तांबडा, हिरवा व निळा असे तीन अंक असतात, आणि सामान्यतः प्रत्येक अंक ० पासून २५५ पर्यंत असतो. तिन्ही शून्य असले म्हणजे निखळ काळें, व तिन्ही २५५ असले म्हणजे निखळ पांढरें. चित्र उजळ करणें, गडद करणें, रंग खुलविणें, हें सगळें या अंकांवर केलेलें गणित होय. यावरून एक गोष्ट उघड होते. वैशाखांतील भर दुपारीं काढलेल्या चित्रांत आकाश जर सर्वत्र २५५ झालें असेल, तर तेथें निळा रंग वा ढग परत आणण्यास सामग्रीच उरलेली नसते. शून्याला कितीहि अंकांनीं गुणलें तरी शून्यच, तसाच हा प्रकार. म्हणून आमच्या मराठवाड्याच्या उन्हांत पहिली दुरुस्ती घड्याळाची! चित्र सकाळीं नऊच्या आंत किंवा सायंकाळीं पांचनंतर काढावें.

दुसरी एक अडचण नांदेड-लातूरकरांना नेहमीं येते. कॅमेऱ्याचें मोजमाप असें असतें कीं, समोरचें दृश्य सरासरीनें मध्यम करड्या छटेचें आहे, असें तो सामान्यतः धरून चालतो. त्यामुळें नांदेडच्या तख्त सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याची शुभ्र वास्तु चित्रांत मळकट दिसते. उलट उदगीरच्या किल्ल्याची काळसर तटबंदी किंवा पावसानंतरचें काळें रान भुरकट दिसतें. शुभ्र वस्तूच्या वेळीं प्रकाश थोडा वाढवावा व काळ्या वस्तूच्या वेळीं थोडा कमी करावा. बहुतेक मोबाईलांत चित्र घेण्यापूर्वीं पडद्यावर बोट टेकून तें वरखालीं सरकविलें कीं हें साधतें. तसें न केल्यास मागाहून संगणकावर तेवढेंच काम करावें.

दुरुस्तीला क्रम असावा. प्रथम मूळ चित्राची प्रत करून मूळ बाजूला ठेवावें, व प्रतीवरच हात चालवावा. कारण नेहमींच्या जेपेग पद्धतीच्या चित्रांत बदल करून तें पुन्हां पुन्हां सांठविलें, तर दर वेळीं त्यांतील कांहीं बारकावे नाहींसे होतात. मग रेघ सरळ करावी. मग नको तें कापावें. नंतर उजेड-अंधाराचा तोल, त्यानंतर रंग, आणि सर्वांत शेवटीं रेखीवपणा. एवढें झाल्यावर संगणक बंद करून निजावें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मूळ व दुरुस्त अशीं दोन्ही चित्रें शेजारीं शेजारीं ठेवून पाहावीं. रात्रीं जें आकाश मनोहर केशरी वाटत होतें, तें पुष्कळदां सकाळीं जिलबीसारखें दिसतें!

मर्यादा कोठें?

येथवर कौशल्याची गोष्ट झाली. पण याच्या पलीकडे एक सत्याची गोष्ट आहे. ‘नॅशनल जिऑग्राफिक’ या जगद्विख्यात मासिकानें फेब्रुवारी १९८२ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर गिझाचे पिरॅमिड संगणकाच्या साहाय्यानें जवळ सरकविले, कारण आडवें चित्र उभ्या पानांत बसत नव्हतें. त्यावरून पुष्कळ गहजब झाला. दगडाचे ते डोंगर थोडे सरकल्यानें कोणाचें काय बिघडलें, असें एखादा विचारील. त्याचें उत्तर आम्हांस लातूर जिल्ह्यांतील एका बाईंच्या हकीकतींत मिळालें.

३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला. गणेशविसर्जन आटोपून लोक निजलेले होते. दगडमातीच्या जाड भिंती निजलेल्यांच्या अंगावर कोसळल्या, आणि लातूर व तेव्हांचा उस्मानाबाद, म्हणजे आतांचा धाराशिव, या जिल्ह्यांत जवळजवळ दहा हजार माणसें गेलीं. माणसांबरोबर भिंतीवरचे फोटोहि गेले. या बाईंचें माहेर त्याच भागांतलें. आईचा एकच फोटो उरला, तोहि सासरीं नांदेडास त्यांच्या ट्रंकेंत होता म्हणून. पुढें एका पावसाळ्यांत त्याला ओल लागली. गालावरून चीर गेली, एक डोळा फिकट झाला.

एका दुकानांत त्यांनीं तो नीट करावयास दिला. आतां अशीं साधनें निघालीं आहेत कीं, तीं असंख्य चेहऱ्यांच्या अभ्यासावरून अस्पष्ट चेहरा आपल्या अदमासानें भरून काढतात. दुसऱ्या दिवशीं चित्र तयार झालें. कातडी नितळ, दोन्ही डोळे पाणीदार, भुवया कोरीव. बाईंनीं तें पुष्कळ वेळ हातांत धरलें आणि म्हणाल्या, “फार सुरेख आहे हो, पण ही आमची आई नव्हे. हिच्या कपाळावरचें गोंदण कोठें गेलें?” यंत्रानें गोंदणाचा हिरवा ठिपका डाग समजून पुसून टाकला होता, आणि जो डोळा त्याला दिसत नव्हता तेथें दुसऱ्याच कोणाचा डोळा बसविला होता.

नंतर आमच्या घरच्या मुलानें मूळ फोटो स्वच्छ स्कॅन करून ‘गिंप’मध्यें घेतला व तीन रात्री काम केलें. पाठीमागची भिंत व लुगडें यांवरच्या चिरा त्यानें शेजारचाच भाग उचलून बुजविल्या. गालावरची चीर, जेवढी कातडीवर होती तेवढीच, फिकी केली. फिकट डोळा मात्र होता तसाच राहूं दिला. प्रत्येक रात्रीं तो बाईंना विचारी, “हें बरोबर आहे ना?” आणि त्या सांगत, “ओठाकडे जाऊं नकोस, तो असाच होता.” या कामाचा परीक्षक कोण, याविषयीं शंकाच नव्हती. मुलाला सॉफ्टवेअर येत होतें, पण आई बाईंना ठाऊक होती. तो अर्धवट फिकट डोळ्यांचा फोटो आज त्यांच्या देवघराजवळ आहे. दुकानांतला गुळगुळीत फोटो कपाटांत आहे.

यावरून आम्हीं आपल्यापुरता नियम केला आहे, तो असा. जें कॅमेऱ्यापुढें होतें पण नीट उमटलें नाहीं, तें दुरुस्तीनें वर आणावें. जें कॅमेऱ्यापुढें नव्हतेंच, तें आणूं नये. आणावयाचेंच झालें तर तें कल्पनाचित्र आहे, असें स्पष्ट सांगावें. भिंतीची भेग बुजविण्यास हरकत नाहीं. माणसाच्या चेहऱ्याला हात लावण्यापूर्वीं मात्र त्या माणसाला ओळखणाराला विचारावें. तीळ, गोंदण, पडलेला दांत, वांकडी भुवई, हीं यंत्राच्या दृष्टीनें व्यंगें असतील. नातवंडांना आपली पणजी त्यांवरूनच कळावयाची आहे.

वाचकांना एक सुचवावेंसें वाटतें. महिन्यांतून एका सायंकाळीं घरांतल्या सर्वांनीं एकत्र बसावें. प्रत्येकानें आपलें एकच चित्र आणावें, दहा नव्हेत. कारण दहांतून एक निवडणें हाच अर्धा अभ्यास आहे. वर दिलेले चार प्रश्न विचारावे आणि चित्रकारानें ऐकून घ्यावें. त्याच बैठकींत ट्रंकेंतला जुन्या फोटोंचा एखादा पुडकाहि सोडावा. घरांतील वडील माणसांपुढें एकेक फोटो ठेवून हें कोण, कोणाच्या लग्नांतलें, कोणत्या गांवचें, हें विचारावें, आणि मऊ पेन्सिलीनें, न दाबतां, पाठीवर लिहून ठेवावें. चीर पुढच्या पिढींतला कोणीहि बुजवूं शकेल. नांव मात्र आज जे सांगूं शकतात त्यांनाच विचारलें पाहिजे.